मांडणीच्या टेबलावरून : सात मुखपृष्ठं आणि एकही बँड नाही

ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही पाच जण इंडी संगीताचा अंक काढतोय. अभ्यासक्रमाच्या प्रकल्पात मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि एक जोडपान (समोरासमोरची दोन पानं) एवढंच मागितलंय, पण आम्हाला पूर्ण अंक छापून लोकांच्या हातात द्यायचाय. आतापर्यंत सात मुखपृष्ठं झाली, एकावरही एकमत नाही. दोघांना फाटका कागद आणि टाइपरायटरची अक्षरं हवीत, दोघांना गुळगुळीत कागदावरचा देखणा अंक हवाय. पाचवा फक्त चित्रं काढतो, बोलत नाही. सुरुवात कुठून करू? — द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. चांगलं दोन पानी पत्र आहे (इथे त्यातला थोडाच भाग छापला आहे), पण त्यात एकाही बँडचं नाव नाही, गायकाचं नाही, गाण्याचंही नाही. अंकात कोण असणार हे ठरायच्या आत तुम्ही मुखपृष्ठ करायला बसलात, मग एकमत कशावर होणार? ती सातही मुखपृष्ठं एका पाकिटात घालून ठेवा, फेकू नका. मुखपृष्ठ सगळ्यात शेवटी करायचं.

आधी ‘इंडी’ या शब्दाचा निकाल लावू. तुमचं भांडण त्यावरूनच चाललंय आणि दोन्ही बाजू त्याला दिसण्याची गोष्ट समजताहेत. जानेवारी १९७७ मध्ये बझकॉक्स या मँचेस्टरच्या बँडने उसन्या पैशांत, स्वतःच्याच लेबलवर ‘स्पायरल स्क्रॅच’ ही चार गाण्यांची तबकडी काढली. कोणतं गाणं कितव्या टेकमध्ये, म्हणजे कितव्या वेळी वाजवताना, जमलं, वरून काय जोडलं, हे त्यांनी वेष्टनावर छापून टाकलं. हे असं करता येतं, तुम्हीही करा, असं सांगणारी ती माहिती होती. १९८० च्या जानेवारीत ब्रिटनमध्ये इंडी तबकड्यांच्या विक्रीची वेगळी क्रमवारी छापायला लागले, तेव्हा त्यात यायची अट सुरावटीची नव्हती, वितरणाची होती. मोठ्या कंपन्यांच्या जाळ्याबाहेरून तबकडी दुकानात पोचली पाहिजे, एवढीच. म्हणजे हा शब्द मुळात गाणं कुणाच्या ताब्यात आहे याबद्दलचा आहे. फाटका कागद त्यात कुठेच येत नाही. गुळगुळीतही येत नाही.

मग तो फाटका कागद आला कुठून? १९७६ च्या जुलैत लंडनमध्ये मार्क पेरी नावाच्या, बँकेत नोकरी करणाऱ्या मुलाने ‘स्निफिन ग्लू’ हे पंक संगीताचं नियतकालिक काढलं. पहिल्या अंकाच्या जेमतेम पन्नास प्रती होत्या. मजकूर टाइपरायटरवर, मथळे जाड मार्करने, आणि कोपऱ्यात पिन. त्याच्याकडे तेवढंच होतं आणि ऐकलेलं लगेच सांगायची घाई होती, म्हणून तो अंक तसा दिसला. तुमच्याकडे टाइपरायटर नाही. तुम्ही आधी संगणकावर सरळ ओळ लावणार आणि मग ती वाकडी करणार. त्यात घाई कुठली? तुमच्याकडे काय आहे ते बघा ना. पाचवा मुलगा आहे, जो फक्त चित्रं काढतो! फोटोग्राफर सगळ्यांना मिळतो. गाणं ऐकत बसून गाणाऱ्याचा हात काढणारा मुलगा सहजासहजी मिळत नाही. त्याला तालमीला घेऊन जा. तो एका रंगात काढत असेल तर तुमचा अंक एका रंगाचा.

आता काम. पाचही जणांनी वेगवेगळं बसून, गेल्या सहा महिन्यांत समोर बसून ऐकलेल्या तीन जणांची नावं लिहायची. समोर बसून, हे महत्त्वाचं. स्क्रीनवर ऐकलेले चालणार नाहीत. त्यांच्याबद्दल सगळं जग लिहितंय, तुमच्याकडे वेगळं सांगायला काही नाही. कागद एकत्र करा. जे नाव दोन कागदांवर आलंय तो तुमचा मुख्य लेख. बाकीच्यांतून सहा-सात नावं उरतील, ती आतली पानं. पॉल विल्यम्स हा सतरा वर्षांचा, कॉलेजच्या पहिल्या वर्षातला मुलगा; १९६६ च्या फेब्रुवारीत त्याने ‘क्रॉडॅडी’ या रॉक संगीताच्या नियतकालिकाचा पहिला अंक सायक्लोस्टाइलवर काढला आणि त्यात सरळ लिहून टाकलं, की इथे ताऱ्यांचे फोटो आणि फुटकळ बातम्या मिळणार नाहीत, संगीताबद्दल विचारपूर्वक लिहिलेलं मिळेल. काय देणार नाही हे पहिल्याच पानावर सांगणं मला फार आवडतं. तुमचं संपादकीय तसं करून बघा. चार ओळी पुरतील.

हे झालं की कागद घ्या. संगणक बंदच ठेवा.

ए-फोरचे आठ कागद एकावर एक ठेवून मध्ये घडी घाला. ३२ पानांचा ए-फाइव्ह अंक हातात येतो. पेन्सिलीने १ ते ३२ आकडे घाला आणि मग कागद सुटे करून पाहा. सगळ्यात बाहेरच्या कागदाच्या एकाच बाजूवर ३२ आणि १ शेजारी असतात. उलटलं की २ आणि ३१. कुठलाही कागद घ्या, शेजारच्या दोन आकड्यांची बेरीज ३३. हे एकदा बोटांना कळलं की बऱ्याच गोष्टी आपोआप कळतात. पिन मारलेल्या अंकाची पानं चारच्या पटीतच का असतात, ३० पानांचा मजकूर झाला तर दोन पानं कुठून तरी आणावीच का लागतात, आणि जोडपानावरचा मोठा फोटो अखंड राहील अशी जागा अंकात एकच का, १६–१७. बाकी सगळ्या जोडपानांचे दोन अर्धे वेगवेगळ्या कागदांवर छापले जातात आणि घडीशी मिलिमीटर-दोन मिलिमीटर इकडे-तिकडे होतात.

मधलं पान मात्र जपून वापरा. आमच्या कॉलेजच्या पहिल्या अंकात एका गायिकेचा अप्रतिम फोटो आम्ही मधोमध टाकला. चेहरा बरोबर घडीवर आला. छापून आल्यावर पाहिलं तर एक पिन तिच्या कपाळात आणि दुसरी गळ्यात. ती अंक घ्यायला आली तेव्हा काहीच बोलली नाही, फक्त ते पान उघडून तिने अंगठ्याने पिन चाचपली. त्या अंगठ्याची आठवण मला आजही मांडणी करताना येते. माणूस घडीच्या एका बाजूला ठेवा, दुसऱ्या बाजूला त्याचं रिकामं व्यासपीठ जाऊ द्या.

घडी घातलेल्या या डमीवर (कोऱ्या नमुना अंकावर) आता प्रत्येक पानावर काय येणार ते लिहायचं. मुख्य लेखाला सहा पानं, नुसती चार नकोत, कारण पहिलं जोडपान श्वास घ्यायला लागतं. लांब मुलाखतीनंतर लगेच दुसरी लांब मुलाखत नको. मध्ये एक पान चित्राचं, किंवा एका गाण्याच्या रेकॉर्डिंगची हकीकत. डावं पान वाचकाच्या नजरेला उशिरा पडतं, म्हणून नवा लेख शक्यतो उजवीकडे सुरू करा किंवा पूर्ण जोडपानावर. अनुक्रमणिका शेवटी लिहा, पण तिची जागा आधी राखा. आणि एक पान पूर्ण रिकामं धरून चाला. कुणीतरी मजकूर देणार नाही किंवा कुणाचा तरी दुप्पट येईल. प्रत्येक अंकात हे होतंच.

मग अक्षर. इथे तुमच्यासारखी मुलं इंग्रजी मासिकं समोर ठेवून फसतात, म्हणून जरा थांबून सांगते. रोमन अक्षराची ओळख बरीचशी त्याच्या वरच्या अर्ध्यात असते. आपल्या अक्षरांना वर शिरोरेखा आहे, ती सगळ्यांना सारखी, आणि ओळख तिच्याखाली लोंबते. म्हणून गायकाचं डोकं अंकाच्या नावावर खालून चढवायची जी पद्धत तिकडे चालते, तिने आपलं नाव वाचताच येत नाही. उरते फक्त रेघ. डोकं नावाच्या खालीच थांबवा, किंवा दोन अक्षरांच्या मधून वर काढा. अक्षरांमधलं अंतर वाढवून नाव ‘हवेशीर’ करायचा मोह आवरा, शिरोरेखा तुटते. तिरपा टाइपही टाळा, आपल्याकडे तो यंत्राने ढकललेला दिसतो. ठळक-बारीक यांतला फरक पुरेसा असतो. मजकूर १० पॉइंट असेल तर ओळींमधलं अंतर १४ ते १५ ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. लेखाचं पहिलं अक्षर मोठं करायचं असेल तर पूर्ण अक्षर उचला, ‘स्त्री’ असेल तर अख्खं ‘स्त्री’, आणि त्याची शिरोरेखा पहिल्या ओळीच्या शिरोरेखेला जुळवा.

मुक्ता आणि बलू हे ‘एक टाइप’ या संस्थेचे टंक (फॉन्ट) मोफत आणि खुल्या परवान्याचे आहेत. लांब मजकुराला टिरो देवनागरी मराठी आहे, त्यात ल आणि श आपल्या वळणाचे येतात. अंकभर दोनच टंक. मांडणीसाठी इनडिझाइन हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर परिच्छेदाच्या मांडणीत ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडायला विसरू नका, त्याशिवाय जोडाक्षरं आणि वेलांट्या विस्कटतात. मोफत हवं तर स्क्रायबसच्या नव्या आवृत्त्यांत देवनागरी नीट बसते.

तुमच्यातला कुणीतरी डेव्हिड कार्सन या अमेरिकन मांडणीकाराचं नाव काढणारच, म्हणून तेही सांगते. ‘रे गन’ या संगीताच्या मासिकाच्या १९९४ च्या एका अंकात त्याला गायक ब्रायन फेरीची मुलाखत कंटाळवाणी वाटली आणि त्याने ती आख्खी चिन्हांच्या टंकात लावली, एक शब्द वाचता येत नाही. तीच मुलाखत त्या अंकाच्या शेवटी वाचता येईल अशी छापलेली होती, हे सहसा कुणी सांगत नाही. मांडणीकार म्हणून मला तो धीट वाटतो. पण तुम्ही ज्या मुलीची मुलाखत घेणार आहात तिची ती आयुष्यातली पहिली छापील मुलाखत असेल. तिचे शब्द वाचता आले पाहिजेत.

एवढं झाल्यावर मुखपृष्ठ. मुख्य लेखातलं एक चित्र, अंकाचं नाव, तीन-चार ओळी. महत्त्वाचं सगळं डाव्या बाजूला ठेवायचा नियम दुकानाच्या मांडणीतून आलाय, कारण तिथे अंक एकमेकांवर सरकवून लावतात आणि डावी पट्टीच दिसते. तुमचा अंक हातातून हातात जाणार, तेव्हा तो पाळायची गरज नाही. प्रकल्पाच्या परीक्षकांना मात्र हे कारण टिपणात लिहून द्या. नियम माहीत असून का मोडला, हे त्यांना कळायला हवं. आणि ती सात मुखपृष्ठं आता पाकिटातून काढा. त्यातलं एखादं उपयोगी पडेल, बहुतेक पाचव्या मुलाचं.

आमच्या अंकात ज्या बँडचं परीक्षण जाणार आहे त्यात माझा भाऊ ड्रम वाजवतो. सगळे म्हणतात तूच लिही, तुला सगळं माहीत आहे. मला भीती वाटते. शिवाय गाण्याच्या ओळी लेखात छापल्या तर चालतात का? — एक वाचक

परीक्षण तुम्ही लिहू नका. तुमची भीती योग्य आहे. चांगलं लिहिलंत तर कुणी विश्वास ठेवणार नाही, वाईट लिहिलंत तर घरी जेवताना जड जाईल, आणि खरं सांगायचं तर भावाचा ठेका तुम्हाला परक्यासारखा ऐकूच येणार नाही. परीक्षण दुसऱ्याला द्या.

पण तुम्हाला सगळं माहीत आहे, तेही वाया घालवू नका. परीक्षकाला कधीच मिळणार नाही असा लेख तुमच्याकडे आहे. भाऊ कुठल्या खोलीत सराव करतो, आवाज दाबायला दाराला काय लावतो, कुठलं गाणं तीन महिने जमत नव्हतं आणि मग काय बदलल्यावर जमलं. पहिल्याच वाक्यात ‘हा माझा भाऊ’ असं लिहा आणि मग मोकळेपणाने सांगा. लहान अंकात सगळेच एकमेकांचे कुणीतरी असतात. नातं लपवलं की वाचकाला राग येतो, उघड सांगितलं तर तो खुर्ची ओढून ऐकायला बसतो.

परीक्षण जो लिहील त्याला माझ्याकडून एक निरोप द्या. ‘भन्नाट’, ‘कडक’, ‘वेगळाच अनुभव’ हे शब्द काढून टाकल्यावर काय उरतं ते पाहा. काही उरत नसेल तर गाणं पुन्हा ऐका, या वेळी फक्त बासकडे कान लावून. दुसऱ्या कडव्यात गिटार थांबते आणि नुसता आवाज राहतो, असं एक खरं निरीक्षण दहा विशेषणांहून जास्त ऐकवतं. आवडलं नसेल तर कुठल्या मिनिटाला कान बाहेर गेला ते लिहा. वाजवणाऱ्यांना त्याचा राग कमी येतो. मी अशी परीक्षणं कात्रण करून ठेवलेली मुलं पाहिली आहेत.

गाण्याच्या ओळी. शब्द लिहिणाऱ्याचे असतात, त्यामुळे अख्खं गाणं विचारल्याशिवाय छापायचं नाही. परीक्षणात चर्चेपुरती एखादी ओळ घेणं सर्वसाधारणपणे मान्य असतं, पण तुमच्या बाबतीत माणूस शेजारच्या खोलीत आहे; विचारा आणि उत्तर लेखी घ्या, मोबाइलवरचा साधा संदेशही चालेल. विचारल्यावर बहुतेक जण आनंदाने हस्ताक्षरातला कागद काढून देतात. खाडाखोड केलेला तो कागद मिळाला तर तोच पानभर छापा. फोटोंनाही हेच लागू आहे. बँडने स्वतःच्या पानावर टाकलेला फोटो बँडचा असेलच असं नाही, बहुतेकदा तो काढणाऱ्याचा असतो. त्याला विचारा आणि फोटोखाली त्याचं नाव घाला, बारीक का होईना, पण त्याच पानावर.

कार्यक्रमात काढलेले फोटो मोबाइलवर छान दिसतात, छापल्यावर काळा चिखल. काय चुकतंय? — अंकाची छायाचित्रं सांभाळणारा

तीन गोष्टी एकदम चुकत असाव्यात. पहिली, फोटो तुम्ही एकमेकांना मेसेजमधून पाठवता. त्यात तो दाबून लहान होतो. ए-फाइव्हचं पूर्ण पान चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) धरून १५४ बाय २१६ मिलिमीटर होतं. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) त्यासाठी सुमारे १८२० बाय २५५० पिक्सेल लागतात. मूळ फाइल मागा, ईमेलने किंवा ड्राइव्हवरून. दुसरी, मोबाइलचा पडदा स्वतः उजळतो, कागद उजळत नाही. साध्या, न चकाकणाऱ्या कागदात शाई पसरते आणि मधल्या छटा गडद होतात. छापायला देण्याआधी मधल्या छटा तुम्हाला जरा जास्तच वाटतील इतक्या उजळा आणि एका पानाचं प्रूफ त्याच कागदावर काढून घ्या. तिसरी, व्यासपीठावरचा लाल दिवा. त्यात सगळा चेहरा एकाच रंगाचा होतो. तो फोटो कृष्णधवल करा, नाकडोळे बऱ्याचदा परत येतात.

कॅमेरा असेल तर शटरचा वेग १/१२५ सेकंदापेक्षा संथ ठेवू नका, ड्रमवाल्यासाठी १/२५० धरा. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची क्षमता) ३२०० करायला घाबरू नका. दाणे छापून आल्यावर गोड दिसतात, हललेला चेहरा कधीच गोड दिसत नाही. फ्लॅश नको, वाजवणाऱ्याच्या डोळ्यांवर येतो. आणि कार्यक्रमाइतकाच वेळ तालमीला द्या. दुपारी खिडकीशेजारी गिटारच्या तारा बदलणारा मुलगा कुठल्याही लाल-निळ्या उजेडापेक्षा जास्त काही सांगतो.

पन्नास प्रती काढाव्यात की दोनशे? झेरॉक्स, रिसो की ऑफसेट? — पहिल्याच पत्रातली विद्यार्थिनी, महिन्याभराने

डमी केल्याचं आणि मुख्य लेख ठरल्याचं कळवलंस, फार बरं वाटलं. अंकात ज्यांची नावं आहेत ती माणसं मोज, प्रत्येकाला दोन प्रती धर, वर तितक्याच आणखी. तुझ्या यादीवरून दीडशेच्या आसपास येतं. ऑफसेटला आधी प्लेट बनवाव्या लागतात, इतक्या थोड्या प्रतींसाठी ते परवडण्यासारखं नसतं. पन्नासला झेरॉक्स उत्तम. दीडशेला, आणि चित्रं एका-दोन रंगांत असतील तर, रिसो, म्हणजे स्टेन्सिलवरून एकेक रंग छापणारं यंत्र. त्यात प्रत्येक रंगाच्या शाईचा ड्रम वेगळा, कागद प्रत्येक रंगासाठी पुन्हा यंत्रातून जातो आणि दुसरा रंग थोडा सरकतोच. म्हणून बारीक अक्षर कधीही दोन रंगांत लावू नकोस, मजकूर एकाच शाईत ठेव. चित्रात रंग सरकला तर बिघडत नाही, उलट ते हाताने केल्यासारखं वाटतं.

रिसोची शाई कागदात मुरते, वरून वाळून कडक होत नाही. मोठे गडद ठोकळे टाकलेस तर पुढच्या पानावर आणि वाचकाच्या बोटांवर उतरतात. छापून आलं की लगेच घड्या घालायला बसू नका. कागद रात्रभर पसरून ठेवा, घड्या सकाळी. मधल्या आठव्या कागदापासून वर रचत या, पिन मारायला लांब हाताचा स्टेपलर मागून आणा, आणि पाचव्या मुलाला सांग की पहिली पिन त्याने मारायची.